हारुकू गांवची सासी

इंडोनेशियाच्या पूर्वेस, मालुकू प्रांतांत, अंबोनाजवळ हारुकू नांवाचें बेट आहे. त्यावर त्याच नांवाचें एक ख्रिस्ती गांव आहे. तेथील लोक लवंगेचीं झाडें राखितात, सागो झाडाच्या गाभ्याचें पीठ खातात व मासे धरितात.

त्या गांवीं ‘सासी’ नांवाचा जुना नियम आहे. लोंपा नांवाचे लहान मासे दिवसा नदींत राहतात व रात्रीं चरावयास समुद्रांत जातात. त्यांचीं पिलें किनाऱ्याशीं दिसूं लागलीं कीं मासे धरण्यास बंदी होते. ‘केवांग’ म्हणजे गांवचे राखणदार पहारा करितात. नियम मोडणारास दंड होतो. मासे वाढले म्हणजे ठरल्या दिवशीं बंदी उठते. मग सारें गांव नदीवर लोटतें, आणि विधवा व अनाथ यांचा वांटा वेगळा काढितात. मालुकूंतील कित्येक गांवीं अशी बंदी मंडळींत प्रार्थना करून घालितात व उठवितात.

१९८५ सालीं सरकारनें हारुकूच्या राखणदारांस ‘काल्पतारू’ पारितोषिक दिलें. हा शब्द आपला कल्पतरूच होय.

परंतु पुढें काय? तरुण शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं शहरांत जातात, आणि समुद्र किनारा खात आहे. म्हणून राखणदार किनाऱ्यावर खारफुटी लावितात व मुलांस सासी शिकवितात. वाचकहो, पहारेकरी थोडे असतात; नियम टिकतो तो सर्वांनीं हात आवरल्यानें.

प्रश्न : (१) बंदी नसती तर प्रथम कोणाचा वांटा बुडाला असता? (२) आपल्या गांवचें तळें किंवा रान कोण राखितो?