टाकीत ई-२०, गाडी २०१४ची

मोहदरीचा घाट म्हणजे आम्हा सिन्नरकरांचं अंगणच. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी नाशिकहून परतताना माझी २०१४ची टर्बो पेट्रोल गाडी त्याच चढाला झटके मारायला लागली. पाय दाबावा तशी ती दम टाकी, आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा. माथ्यावर सपाटी लागली तशी पुन्हा शहाण्यासारखी चालली, म्हणून मीही विषय सोडून दिला.

चूक त्याच्याही आधीची. आषाढ-श्रावणात गाडी शेडमध्ये उभी, टाकी अर्धी. सकाळी पेट्रोलचा वास यायचा. मी तो मुलाच्या मोटारसायकलच्या नावावर खपवत होतो.

शेवटी मेकॅनिकने स्कॅनर लावला. हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय, असं निघालं. टाकीत होतं ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते आणि त्यात स्वतःचा ऑक्सिजनही असतो. म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. गाडीचा कॉम्प्युटर ते वाढवून देतो, सपाटीला निभावतंही. घाटात मात्र टर्बो हवा कोंबतो, मागणी एकदम वाढते, आणि माझ्या गाडीचा थकलेला इंधनपंप तुंबलेल्या फिल्टरमधून ती पुरवू शकत नव्हता. फिल्टरमध्ये काळपट गाळ होता. टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेली घाण इथेनॉल सोडवतं, ती तिथे येऊन बसली होती. मग मेकॅनिकने इंजिनजवळचा रबरी पाइप वाकवून दाखवला. भेगांतून थेंब आला. तिथून हातभर अंतरावर तापलेला टर्बो.

माझी सासुरवाडी कोपरगावकडची, ऊसवाली. त्यामुळे घरात उसातून येणाऱ्या इथेनॉलला शिव्या द्यायची सोय नाही, आणि सगळा दोष त्याचा नाहीच. ऑक्टेन वाढल्याने इंजिनचे ठोके उलट कमी होतात. पण एप्रिल २०२३च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर आणि प्लास्टिक ई-२० धरून बनवलेलं नाही. तुमच्या गाडीला किती चालतं, ते मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाच्या आत बघा. ई-१०पर्यंतच लिहिलं असेल तर इंधनाचे पाइप आणि सील इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या, फिल्टर बदला. टर्बो असेल तर पंपाचा दाब गाडी उभी ठेवून नव्हे, चढाला ओढत असताना तपासायला सांगा.

अॅव्हरेज थोडं उतरेल. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या मोटारींसाठी सहा-सात टक्के घट धरली होती. त्यासाठी टाकीत बाटलीतली औषधं ओतू नका, त्यांनी फाटलेलं रबर सांधलं जात नाही.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं, आणि पंप तेच आधी उचलतो. पावसाळ्यात गाडी उभीच ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आठवड्यातून एकदा लांब चक्कर मारा.

आणि उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर चावी फिरवू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.