दश्शी भिडूच्या भरवशावर

अगं, मंद्रूपला सासरी तुझा हा पहिलाच मे महिना. सोलापूर-विजापूर रस्त्यावरचं तुमचं गाव दुपारचं उन्हात फिरकत नाही. सोप्यात सतरंजी पडते आणि पत्ते निघतात. परवा फोनवर म्हणालीस, "अक्का, ते मेंढीकोट खेळतात, मी चहा करत बसते." ते मला लागलं बघ. चहा जाऊबाईंबरोबर वाटून कर, पण एक डाव तरी भिडू होऊन बस. नव्या घरातली माणसं पानं खेळताना जेवढी कळतात, तेवढी जेवायला वाढताना कळत नाहीत.

खेळ अवघड नाही. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं भिडू. 52 पानं, प्रत्येकाला 13. आधी पाच, मग चार-चार. जो रंग उतरला त्याचं पान हातात असेल तर तेच टाकायचं. एक्का सगळ्यात मोठा, दुरी सगळ्यात लहान. ज्याचा हात त्याचीच पुढची उतारी. सगळा जीव चार दश्श्यांत. तीन आल्या की डाव आपला, चारही आल्या तर कोट. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात ते जिंकले.

आता खरी गोष्ट. दश्शीला मोल सगळ्यात जास्त, पण जोर नाही. गुलाम, राणी, राजा, एक्का, कोणीही तिला खातो. नेदरलँड्समध्ये क्लाव्हरयास म्हणून असाच चौघांचा खेळ आहे, 32 पानांचा, सत्तीपासून एक्क्यापर्यंत. तिथेही भिडू समोर, तिथेही रंग असेल तर द्यायचाच. पण साध्या रंगात तिथली दश्शी राजाच्याही वर, थेट एक्क्याखाली. एक्क्याचे 11 गुण, तिचे 10. हुकमात तर गुलाम सगळ्यांच्या वर, 20 गुणांचा, आणि त्याच्यामागे नव्वी, 14 गुणांची. आपल्याकडे कोकणात तीनशे चार खेळतात, त्यातही गुलाम आणि नव्वी अशीच वर चढतात. क्लाव्हरयासमधल्या दश्शीला स्वतःचा जोर आहे. मेंढीकोटातली दश्शी मात्र भिडूनेच घरी आणायची. मला हा खेळ म्हणूनच जास्त आवडतो.

तेव्हा दश्शीची उतारी कधी करू नको, ती भिडूच्या मोठ्या पानाखाली सोडायची. समज, सासूबाई तुझ्या भिडू. त्यांनी इस्पिकचा एक्का उतरला, जाऊबाईंनी पंजा टाकला. तुझ्याकडे इस्पिकची दश्शी आणि सत्ती. तुझ्यानंतर फक्त दीर. इस्पिकची पहिलीच फेरी असेल तर बिनधास्त दश्शी टाक, कारण दिरांकडे इस्पिक असण्याचीच शक्यता जास्त. तिसरी फेरी असेल तर सत्ती. एका रंगाची 13 पानं. दोन फेऱ्यांत आठ गेली, चौघांत मिळून पाच उरली. कोणाकडे तरी तो रंग संपलेला असणार असंच धरून चाल. एवढं मोजायला हुशारी लागत नाही, लक्ष लागतं, आणि ते तुझ्याकडे आहे.

हुकमाचं नीट ऐक. कट हुकूम असेल तर ज्याच्याकडे आधी रंग नसेल, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम होतो. ती पाळी तुझ्यावर आली तर नकोसं पान फेकून मोकळी होऊ नको. ज्या रंगाची पानं तुझ्याकडे भरपूर, त्यातलंच टाक. बंद हुकमात एकजण आपलं हुकमाचं पान पालथं ठेवतो, आणि ज्याच्याकडे रंग नसेल तो ते उघडायला सांगतो.

सासूबाईंना डोळ्यांनी खूण करायची नाही. त्यांच्या हातून दश्शी गेली तर तोंड पाडायचं नाही. पुढच्या हाताला त्यांनाही तू लागणार आहेस. आणि कोणी पैसे लावायची गोष्ट काढली तर सरळ उठायचं, घरचे असले तरी.

नियम घरागणिक बदलतात, त्याने गांगरू नको. नेदरलँड्समध्येसुद्धा रॉटरडॅमच्या रीतीत रंग नसला की हुकूम मारावाच लागतो. ॲमस्टरडॅमच्या रीतीत हात भिडूचा होत असेल तर सूट मिळते. तू आपली पानं वाटायच्या आधीच दिरांना विचारून घे: हुकूम कट की बंद, उघडायला सांगितला तर लगेच हुकूम मारावाच लागतो का, आणि हरल्यावर पिसायचं कोणी.