तिसरा डाव

मुलांनो, अमेरिकेतला फुटबॉल तुम्ही खेळता तसा नसतो. तेथे लांबट चेंडू हातात धरून पळतात. एन.एफ.एल. ही तेथील सर्वांत मोठी स्पर्धा. तिच्यात ज्यांना जागा मिळत नाही, त्यांनी कोठे खेळावे? २००१ साली एक्स.एफ.एल. ही निराळी स्पर्धा निघाली. ती एकाच हंगामात बंद पडली. २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. पाच आठवडे होताच करोनाची साथ आली आणि कंपनीचे दिवाळे निघाले. तेव्हा अभिनेते ड्वेन जॉन्सन यांनी भागीदारांसह ती दीड कोटी डॉलरला विकत घेतली. तरुणपणी स्वतः जॉन्सन यांनाही एन.एफ.एल.मध्ये जागा मिळाली नव्हती, बरे का! २०२३ मध्ये आठ संघ मैदानात उतरले. तेथे कितीतरी खेळाडूंना पुन्हा काम मिळाले.