एकालाच ऐकू येणारा आवाज: छोट्या संग्रहालयाला केवढ्याला पडतो?

कुंभकोणमला सारंगपाणी देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावर गणिती रामानुजन यांचं बालपणीचं घर आहे. शास्त्र विद्यापीठाने २००३ साली ते घेऊन जतन केलं. छोटी खोली, खिडकीशी खाट, परसात विहीर. अशा घरात तमिळ, इंग्रजी आणि तंजावरी मराठी अशी तीन निवेदनं लावायची म्हटलं (गावात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबं आहेतच), तर साध्या स्पीकरांनी नुसता कालवा होईल. तिथे दिशाबद्ध ध्वनी कामाला येतो: ठरलेल्या जागी उभा असेल त्यालाच नीट ऐकू येतं. असं एखादं घर किंवा मंडळाचं प्रदर्शन डोळ्यांपुढे ठेवून हा ठोकळ हिशेब.

सर्वांत महाग म्हणजे अल्ट्रासॉनिक स्पीकर. अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ पॉम्पेई यांनी १९९०च्या दशकाअखेरीस विकसित केलेला ‘ऑडिओ स्पॉटलाइट’ याच जातीचा. कानाला न ऐकू येणाऱ्या लहरींवर आवाज स्वार होतो आणि हवेतच ऐकण्याजोगा होतो, म्हणून झोत विजेरीसारखा अरुंद राहतो. आयात, सीमाशुल्क, १८ टक्के जीएसटी आणि बसवणं धरून एका जागेला दीड ते तीन लाख रुपये धरा. यात बोलणं स्वच्छ येतं, पण मृदंगाचा खर्ज येत नाही. शिवाय झोत फरशीवर आपटला की परत उसळतो; खाली जाड सतरंजी हवीच.

माझी पसंती घुमटाला. पारदर्शक ॲक्रिलिकचा अर्धगोल डोक्यावर साधारण सात-आठ फुटांवर टांगायचा आणि आत वर तोंड करून छोटा स्पीकर बसवायचा. आवाज घुमटाला लागून सरळ खाली उतरतो. परदेशी तयार घुमट लाखाच्या घरात जातो. तोच स्थानिक कारागिराकडून, स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि मेमरी कार्डवर चालणाऱ्या प्लेअरसह, पंधरा-वीस हजारांत होतो. माणूस आला की सुरू होणारा सेन्सर पाचशेच्या आत मिळतो. घुमट मात्र अडीच-तीन फुटांचाच घ्या. हजार हर्ट्‌झच्या आवाजाची लहर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते. घुमट तिच्याएवढाच असला तर आवाज चहूकडे पसरतो.

एका कानाला लावायचा, टेलिफोनसारखा रिसीव्हर दोन-तीन हजारांत होतो. तो रोज पुसावा लागतो आणि वायर तुटते. क्यूआर कोडला जवळजवळ खर्च नाही, पण लोक इअरफोन आणत नाहीत.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च खोलीचा असतो. पंखा घरघरतो, रस्त्यावर हॉर्न वाजतात. निवेदन आसपासच्या गोंगाटाहून दहा डेसिबल तरी वर हवं. म्हणून आधी मोबाइलवरच्या ॲपने गर्दीच्या वेळी मोजा. पंखा बदलला, दाराला जाड पडदा लावला, की निम्मं काम होतं. वीज गेल्यावर पुन्हा आपोआप सुरू होणारा प्लेअर मागा, नाहीतर रखवालदाराला रोज बटणं दाबत बसावं लागेल. दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरासारख्या संरक्षित वास्तूत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय भिंतीला हात लावता येत नाही. तिथे स्वतंत्र उभा स्टँड लागतो, त्याचीही परवानगी आधी घ्या.

ध्वनिमुद्रणावर हात आखडता घेऊ नका. तीन भाषांत दोन-दोन मिनिटांसाठी स्टुडिओ आणि निवेदकांचे मिळून पंधरा हजार लागतील. तंजावरी मराठी तिथल्याच आजीच्या तोंडून घ्या; पुण्याचा निवेदक तो हेल आणू शकणार नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी तोच मजकूर छापून शेजारी लावा.

थोडक्यात, ७०–८० हजारांत तीन घुमट, ध्वनिमुद्रण आणि पडदे-सतरंज्या बसतात. मोठ्या संग्रहालयाने अल्ट्रासॉनिकचा विचार जरूर करावा, पण आपल्याच खोलीत प्रात्यक्षिक ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कुंभकोणमचा पुढचा महामहम उत्सव २०२८ साली आहे. त्या गर्दीसाठी काही मांडायचं असेल, तर पहिला घुमट आत्ताच टांगा आणि एक पावसाळा पारखून मगच बाकीचे दोन करून घ्या.