देवमासा किनाऱ्याला लागतो तेव्हा
(द्वितीय वर्ष, कला)

वसई तालुक्याच्या पश्चिमेला अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव अशी किनाऱ्याची रांग लागते. आमचे वटार या रांगेच्या जरा आत, वाड्यांच्या दाटीत आहे. समुद्राने काही विशेष वर टाकले की त्याची वार्ता आमच्याकडे पोचायला वेळ लागत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये वसईजवळ मर्देसच्या किनाऱ्याला एका प्रचंड देवमाशाचे कुजलेले शव लागले, तेव्हाही बघ्यांची रीघ लागली होती. ते शव होते, त्यामुळे गर्दीने त्याचे काही बिघडवले नाही. परंतु असाच प्राणी जिवंत लागला तर काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर वन विभागाइतकेच त्या वेळी वाळूत उभ्या असलेल्या माणसांवरही अवलंबून असते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. या विषयाचे वाचन चालू असताना देवमाशाची मादी पिल्लाला दूध पाजते असे मी घरी सांगितले. त्यावर वडील म्हणाले, "अगं, मासा कुठं दूध पाजतो होय?" प्रश्न अगदी रास्त होता. आपल्या भाषेनेच या प्राण्याला मासा ठरवून टाकले आहे. नावातल्या 'देव' या अर्ध्या भागाने त्याला थोडाफार आदर मिळवून दिला असेल, पण 'मासा' या अर्ध्या भागाने त्याचा घातच केला आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. कारण मासा पाण्याबाहेर गुदमरतो, म्हणून त्याला लवकरात लवकर पाण्यात ढकलावे, असा सरळ विचार माणूस करतो. देवमासा, डॉल्फिन आणि त्यांचा धाकटा भाऊबंद शोभावा असा, पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज हे तिघेही सस्तन प्राणी. ते आपल्यासारखे फुप्फुसांनी हवा घेतात. त्यांचे नाक डोक्याच्या माथ्यावर असते. ओळखण्याची एक सोपी खूण अशी, की माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, तर यांची शेपटी आडवी असून खाली-वर हलते.

मग वाळूवर त्यांना मरण येते ते कशाने? पाण्यात त्यांचे वजन पाणीच तोलून धरते. जमिनीवर तेच वजन छातीवर येते आणि मोठ्या देवमाशाची फुप्फुसे स्वतःच्याच भाराखाली दबतात. त्यातच कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. थंड पाण्यात उपयोगी पडणारा हा थर उन्हात घोंगडीसारखा होतो आणि प्राणी आतून तापत जातो. म्हणून पहिला उपचार सावली आणि पाणी हाच. ओले कापड किंवा गोणपाट अंगावर घालावे, बादलीने पाणी ओतत राहावे, पण माथ्यावरचे नाक मात्र उघडे ठेवावे. त्यात पाणी किंवा वाळू गेली तर आपण मदतीच्या नावाखाली त्याला बुडवतो. प्राणी कुशीवर पडला असल्यास, शक्य असेल तर, त्याला पोटावर सरळ ठेवावे आणि वल्ह्यासारख्या परांखाली वाळू उकरून खळगे करावेत. शेपटीला दोर बांधून फरफटत ओढू नये. आरडाओरडा नको, पाठीवर बसून छायाचित्र तर मुळीच नको. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

एवढे करूनही प्राणी वाचेलच असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जून 2015 मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला सुमारे 42 फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला होता. लोकांनी आणि वन कर्मचाऱ्यांनी खटपट केली, पण तो दगावला. 2023 च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले. जवळजवळ दोन दिवस स्थानिक लोक, मच्छीमार आणि शासकीय यंत्रणा झटत होत्या. अखेर त्याला ओढून खोल समुद्रात सोडण्यात आले आणि सर्वांनी आनंद केला, परंतु थोड्याच काळात ते मेलेले सापडले. आईपासून तुटलेल्या पिल्लाला नुसते पाणी परत मिळून भागत नाही. कित्येकदा प्राणी किनाऱ्याला लागतो तोच मुळी आजारी, जखमी किंवा दुबळा झाल्यामुळे. म्हणून ढकलण्याची घाई न करता आधी पशुवैद्याने पाहावे, असे जाणकार सांगतात. मग इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. मला वाटते, लहान डॉल्फिनच्या बाबतीत आशा पुष्कळ जास्त असते. शिवाय गर्दी आवरण्याची सवय मोठ्या प्रसंगाआधीच लागलेली असावी लागते.

खरी सुटका मात्र बहुधा किनाऱ्यावर होतच नाही, ती होते बोटीवर. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन वर येऊन श्वास घेऊ शकला नाही तर काही मिनिटांत बुडून मरतो. तेथे वनरक्षक नसतो, नाखवा आणि खलाशी असतात. जाळे कापावे तर नुकसान त्यांचे. हे ओळखून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2018 पासून संरक्षित प्राणी सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. त्यासाठी सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा धाक एका बाजूला आणि ही भरपाई दुसऱ्या बाजूला. या दोन्हींत लोकशिक्षणाला भरपाईच अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत आहे. पोटावर पाय देऊन सांगितलेले प्रेम फार दिवस टिकत नाही.

गुजरातचे उदाहरण याबाबतीत पाहण्यासारखे आहे. तेथे व्हेल शार्कची, म्हणजे एका खऱ्याखुऱ्या अवाढव्य माशाची, मोठी शिकार होत असे. 2001 मध्ये कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, पण वारे फिरले ते 2004 पासूनच्या मोहिमेने. कथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितले, की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. पथनाट्येही झाली. लेकीला कोण मारणार? ज्यांनी शिकार केली होती तेच पुढे जाळी कापून तिला सोडू लागले. आपल्याकडे वेळासला 2002 पासून भाऊ काटदरे आणि 'सह्याद्री निसर्ग मित्र' यांनी कासवांच्या अंड्यांचे रक्षण गावकऱ्यांच्याच हाती दिले, आणि आपल्या पालघर जिल्ह्यात डहाणूला जखमी कासवांचे शुश्रूषा केंद्र चालते. तिन्ही ठिकाणी शहरातून आलेल्या भाषणापेक्षा गावातल्या माणसाचा शब्द जास्त चालला.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे आणि अनेक विद्यार्थी किनाऱ्यावरच्या गावांतून येतात. मासेमारीची बंदी 31 जुलैला उठते. त्याआधी होड्यांची डागडुजी चाललेली असते आणि नाखवे बंदरावर भेटतात. अर्नाळा व पाचूबंदर येथे तेव्हा जाऊन भरपाईचा अर्ज कसा करायचा हे त्यांच्या सोबत बसून समजून घ्यावे व समजावून द्यावे. घरातल्या बायकांनाही त्यात बसवावे, कारण अर्ज-कागदाचे काम पुष्कळदा त्याच सांभाळतात. दुसरे काम फलकांचे. त्यावर उपदेश नको. आडव्या शेपटीचे चित्र, उघडे नाक, ओले गोणपाट आणि 1926 हा आकडा एवढे पुरे. पहिला फलक राजोडीला लावावा, कारण रविवारी बाहेरून येणारी गर्दी तेथे असते आणि त्यांच्या हातात फोन तयारच असतो.