गोळ्या सुरू आहेत, तरी गर्भाशयमुखाची तपासणी हवीच

‘गोळ्या वेळेवर घेते, वजन भरले, सीडी-४ चांगले आहे. मग ही आणखी एक तपासणी कशासाठी, डॉक्टर?’ एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्या भगिनी हा प्रश्न वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे.

एचआयव्ही आणि कर्करोग यांचा संबंध जुना आहे. १९८१ साली अमेरिकेत एड्सची पहिली चाहूल लागली, तीच मुळी एका वेगळ्या प्रकारच्या न्यूमोनियावरून आणि कापोसी सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगावरून. एचआयव्ही शरीराचा पहारा ढिला करतो आणि दुसरे विषाणू डाव साधतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा दुसरा विषाणू म्हणजे एचपीव्ही होय. तो शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेकांना आयुष्यात कधी तरी होतो आणि एक-दोन वर्षांत आपोआप जातोही. प्रतिकारशक्ती क्षीण असली की मात्र तो मुक्काम ठोकतो. म्हणूनच एचआयव्ही असलेल्या स्त्रीला या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो.

गोळ्यांनी हा धोका जात नाही काय? २०१५ साली ‘स्टार्ट’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ३५ देशांतील ४,६८५ रुग्ण त्यात होते. सर्वांचे सीडी-४ पाचशेहून अधिक. एका गटाला औषधे लगेच दिली, दुसऱ्याला प्रतिकारशक्ती घटल्यावर. लगेच सुरू केलेल्यांपैकी १४ जणांना कर्करोग झाला, थांबलेल्यांपैकी ३९ जणांना. गोळ्या लवकर सुरू केल्याचा फायदा असा स्पष्ट दिसतो. पण १४ म्हणजे शून्य नव्हे. शिवाय आपल्याकडे अनेक भगिनींचे निदानच उशिरा होते. गोळ्या सुरू होईपर्यंत एचपीव्हीला बरीच वर्षे मोकळे रान मिळालेले असते.

समाधानाची गोष्ट ही की हा कर्करोग सावकाश वाढतो आणि आधीच्या अवस्थेत पकडता येतो. याचा मोठा पुरावा आपल्याच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याने जगाला दिला. तेथील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. हा अभ्यास सर्वसाधारण स्त्रियांचा होता. धोका जिथे सहापट, तिथे तपासणी चुकविणे किती महागात पडेल!

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार एचआयव्ही असलेल्या स्त्रीने ही तपासणी पंचविशीपासून सुरू करावी (इतरांनी तिशीपासून). एचपीव्ही चाचणी असल्यास दर ३ ते ५ वर्षांनी, ती उपलब्ध नसल्यास पॅप किंवा सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पाहण्याची तपासणी दर ३ वर्षांनी. ही शेवटची तपासणी काही मिनिटांची असते. दोषयुक्त भाग पांढरा दिसतो. तो गोठवून वा उष्णता देऊन नष्ट करता येतो, बहुधा भूलही लागत नाही. एचआयव्ही असताना दोष पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक, म्हणून वर्षाने परत दाखवावे.

संकोच समजण्यासारखा आहे. पण तपासणाऱ्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवू नये. तो लपविला तर पुढची तारीख चुकीची मिळते. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, यांपैकी काही असेल तर तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.