वस्ताद कसा घडतो

अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. या गावचा हर्षवर्धन सदगीर हा पैलवान ७ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्र केसरी झाला. कुस्ती पुण्यात बालेवाडीला झाली. समोर लातूरचा शैलेश शेळके होता. निकाल लागला तीन विरुद्ध दोन गुणांनी. म्हणजे कुस्ती किती अटीतटीची झाली असेल, ते तुम्हीच समजा.

पण आज आपल्याला पैलवानाची गोष्ट सांगायची नाही. वस्तादाची सांगायची आहे.

गंमत अशी, की हे दोन्ही पैलवान एकाच वस्तादाचे पठ्ठे. पुण्याला कात्रजजवळ काका पवार यांची तालीम आहे. दोघेही तिथंच घाम गाळत होते. आता सांगा, आपलेच दोन पठ्ठे गदेसाठी एकमेकांना भिडले, तर वस्तादानं डाव कुणाला सांगायचा? एक जिंकणार, तेव्हा दुसरा हरणारच. कुस्ती संपली आणि हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. साऱ्या महाराष्ट्रानं ते पाहिलं.

हे पोरांना कोण शिकवतं? जोर-बैठका मारून तर हे येत नाही.

दुसरा प्रसंगही सांगायला हवा. तो आपल्याच जिल्ह्यात घडला. २०२५ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या अहिल्यानगरला वाडिया पार्कात झाल्या. २ फेब्रुवारीला शेवटच्या कुस्त्या होत्या. एका मल्लाला पंचांनी चीत दिलं. त्याचं म्हणणं, माझी पाठ लागलीच नाही. वाद वाढला आणि त्यानं पंचाला लाथ मारली. पुढं त्याच्यावर आणि आणखी एका मल्लावर तीन वर्षांची बंदी आली. पंच चुकला की मल्ल चुकला, यावर पारावर अजून भांडणं होतात. ती होऊ द्या. पण तीन वर्षं म्हणजे पैलवानाचं निम्मं आयुष्य, बरं का! तिशी उलटली की गुडघे बोलायला लागतात.

गुडघे बोलायला लागले, की पैलवानानं करायचं काय? कुणी शेतीकडे वळतो. कुणी पोलिसात जातो. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं, तेही पुढं पोलीस खात्यात फौजदार झाले. काहीजण मात्र तालमीतच राहतात, वस्ताद होतात. आणि इथून त्यांचं दुसरं शिक्षण सुरू होतं. आमच्या मते हे पहिल्याहून अवघड आहे.

का, ते पाहा. पैलवान असताना सारं आपल्यासाठी असतं. दूध आपल्यासाठी, बदाम आपल्यासाठी, टाळ्याही आपल्याच. वस्ताद झालं की सारं उलटं होतं. पोरांच्या आधी उठायचं. हौदातली माती खणून भुसभुशीत करायची. तिच्यात तेल, ताक, हळद मिसळून घ्यायची. कुणाची मान लचकली, कुणाचा कान सुजला, कुणी घरच्या आठवणीनं रात्री रडलं, ते सारं बघायचं. आणि गदा मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर!

शिवाय आपल्याला डाव येणं निराळं आणि दुसऱ्याला तो शिकवणं निराळं. समजा, वस्तादाची ढाक नामांकित होती. म्हणून तो साऱ्या पोरांना ढाकच मारायला लावील, तर फसेल. बुटक्या पोराला पट लवकर लागतो. तो वाकला की समोरच्याचा पाय हाताशी येतो. लांब हातापायाच्या पोराला दुसरं काही जमतं. वस्तादानं आपलं अंग विसरून पोराचं अंग ओळखावं लागतं. आपलीच ताकद दाखवायला बारा वर्षांच्या पोराला धाडकन आपटणारे लोकही आहेत. त्यांना आम्ही वस्ताद म्हणत नाही.

काका पवार स्वतः मोठे मल्ल. १९९८ सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पण त्यांच्या तालमीत येणारं प्रत्येक पोर काही त्यांनीच मुळापासून घडवलेलं नसतं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली वाढला. बिराजदारमामा १९६९ सालचे महाराष्ट्र केसरी. ते २०११ साली वारले. पुढं राहुलला काकांनी सांभाळलं. २०१८ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल खेळांत राहुलनं ५७ किलो वजनात सोन्याचं पदक मिळवलं आणि ते मामांना वाहिलं. मामांना ते पाहायला मिळालं नाही. या धंद्यात असंही होतं.

हल्ली तालुक्याच्या गावीही कराटेचे वर्ग निघाले आहेत. तिथंही हीच गोष्ट. कंबरेला काळा पट्टा आला की झाला गुरू, असं लोकांना वाटतं. पण काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानी लोक ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. कराटे जपानभर नेणारे गिचिन फुनाकोशी हे ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. १९२२ साली त्यांनी टोकियोत हा खेळ दाखवला आणि तिथंच राहून शिकवू लागले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती!

आता वस्तादाला शाळाही आहे. पंजाबात पतियाळा इथं १९६१ साली सरकारनं खेळाच्या शिक्षकांची मोठी संस्था काढली. राजाच्या जुन्या मोतीबाग वाड्यात ती भरते. तिथं एक वर्षाचा शिक्षणक्रम आहे, सहा आठवड्यांचाही आहे. शरीर कसं चालतं, दुखापत कशी टाळावी, खुराक किती द्यावा, हे तिथं शिकवतात. जुने लोक हसतात. म्हणतात, "कागदानं कुठं वस्ताद होतो?" कागदानं होत नाही, हे खरं. पण मोडलेला गुडघा नुसत्या मालिशनं बरा होत नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही असावं.

आणि आता पोरीही लंगोट कसणाऱ्यांच्या बरोबरीनं मैदानात उतरल्या आहेत. श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड २०२५ साली महिला महाराष्ट्र केसरी झाली. मुलींना शिकवणाऱ्या बायका मात्र अजून थोड्याच. गावातली एखादी खेळलेली पोर लग्नानंतरही तालमीत येऊ लागली, तर ही उणीव भरून निघेल. तिच्या सासरच्यांनी यावर विचार करावा.

तुमचं पोर तालमीत घालायचं असेल, तर आधी एकदा संध्याकाळी तिथं जाऊन बसा. काही बोलू नका. नुसतं बघा. पोरांच्या जोडी वजन आणि वय बघून लावतात का? कुणाला लागलं, तर कुस्ती थांबवतात का? हरलेल्या पोराशी वस्ताद काय बोलतो, तेही ऐका. खुराकाचा खर्च महिन्याला किती, ते त्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्या.